रक्त येतंय तिथंच ब्रश लावा

"डॉक्टर, ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून मी त्या बाजूला लावतच नाही."

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दाताचा दवाखाना आहे आणि बाजाराच्या दिवशी हे वाक्य ऐकायला मिळालं नाही असं सहसा होत नाही. कुणी ब्रश सोडून बोटाने घासतात, कुणी नुसत्या मिठाच्या पाण्याने चूळ भरतात. हिरडी आणखी सुजते, आणखी रक्त येतं. बहुतेक वेळा हे रक्त ब्रशमुळे येतच नाही. दात आणि हिरडी मिळतात त्या कडेला जंतूंचा बुळबुळीत थर साचतो, त्याने हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला कशाचाही धक्का लागला की रक्त येतं.

डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली. म्हणून मी सांगते, रक्त येतंय तिथंच मऊ ब्रश लावा. पहिले काही दिवस बेसिनमध्ये लाल दिसेल. घाबरू नका, पण जोरही लावू नका.

आता ब्रश धरायचा कसा ते. मुठीत नको, पेनासारखा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस दातावर सपाट टेकवायचे नाहीत. ते तिरके करून हिरडीच्या कडेकडे वळवायचे, निम्मे दातावर आणि निम्मे कडेवर येतील असे. मग तिथल्या तिथे बारीक हलवायचे, तांदळाच्या दाण्याएवढं मागे-पुढे, आणि दाताच्या टोकाकडे झटकून पुढच्या दोन-तीन दातांवर जायचं. करवतीसारखं आडवं घासलं तर दाताच्या मानेला खाच पडते आणि मग गार पाणी प्यायलं की दात शिवशिवतात. अशा खाचा मला नेहमी सुळ्यांवर दिसतात. उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या डावीकडे जास्त.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे खालच्या पटाशीच्या दातांची जिभेकडची बाजू. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, लाळेत चुना असतो, त्यामुळे तिथला थर लवकर कडक होऊन किटण बनतं. जिभेने चाचपून बघा, खरखरीत लागत असेल तर तेच ते. तिथे ब्रश आडवा मावत नाही. उभा धरा आणि टोकाच्या केसांनी एकेक दात हिरडीकडून वर ओढून घासा. दुसरी अशी जागा वरच्या शेवटच्या दाढांची गालाकडची बाजू. तोंड मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रश आत शिरत नाही, म्हणून अर्धंच उघडा.

सगळं मिळून दोन मिनिटं. सकाळी घाई असेल तर एक वेळ चालवून घेईन, रात्री नाही. झोपेत लाळ कमी होते, आणि जेवणाचं राहिलेलं जंतूंना रात्रभर पुरतं. पेस्ट फ्लोराइडची घ्या. आपल्याकडे १००० पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड) परवानगी आहे, आकडा नळीवर असतो, वाचा. जाहिरातीतली ती लाट ब्रशभर काढायची गरज नाही, वाटाण्याएवढी पुरते. फेस थुंका आणि लगेच खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहू द्या. लिंबू किंवा कोकम सरबत प्यायल्यावर मात्र अर्धा तास ब्रश लावू नका.

दोन दातांच्या फटीत ब्रश पोहोचत नाही. तिथे दातांसाठी मिळणारा दोरा (फ्लॉस) हवा, किंवा फट मोठी असेल तर बाटलीच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश. मटणाच्या जेवणानंतर सेफ्टी पिन काढणाऱ्या आमच्या दादांनो, ती पिन शर्टालाच राहू द्या.

आता मशेरी. हिच्यावर मी जरा जास्त बोलते, कारण माझ्याकडच्या मावश्या, आज्या तिला तंबाखू मानतच नाहीत. "दात घासायला लावते, खात नाही ओ," म्हणतात. पण तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेला तंबाखू हा तंबाखूच. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, म्हणून तर सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं वाटतं. जिथे रोज लावता तिथली हिरडी खाली सरकते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार? एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची वेळ सोडा, तल्लफ आली की बडीशेप चघळा. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवाही आहे, १८००-११२-३५६, पैसे पडत नाहीत. आणि आरशात बघा: पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तीन बोटं उभी तोंडात न जाणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या बाजाराची वाट बघू नका.

आयांसाठी एकच. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, नवी दाढ येते. ती कायमची असते. "पडेलच की" म्हणून सोडलेली हीच दाढ पुढे किडून माझ्याकडे येते. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्हीच फिरवा.

नीट ब्रश करूनही दोन आठवड्यांनी रक्त थांबलं नाही, तर बहुधा किटण झालंय. ते घरी निघत नाही, स्केलिंग करावं लागतं, म्हणजे दवाखान्यात खरवडून काढावं लागतं. त्याने दात हलायला लागतात हा समज जुना आहे. हिरडी आधीच सैल असते, किटणाने फट भरलेली असते, ते काढलं की फट दिसते एवढंच. साखरेचा आजार असेल तर येताना शेवटचा रिपोर्ट घेऊन या, कारण साखर चढलेली असली की हिरडी भरून यायला वेळ लागतो.