आहारातलं प्रथिन आणि यकृतपेशींतला युरिया: मोजायचा कसा

प्रथिन जास्त खाल्लं की युरिया (प्रथिनातल्या नायट्रोजनपासून यकृतात बनणारा टाकाऊ पदार्थ) जास्त, हे पुस्तकात एका ओळीत उरकतं. तीच ओळ उंदराच्या यकृतपेशींत दाखवताना माझे कितीतरी आठवडे वाया गेले, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात पिंजऱ्यापासून. एका गटाच्या आहारात केसीन (दुधातलं प्रथिन) कमी, दुसऱ्याच्या जास्त. कमी केलेल्याची भरपाई स्टार्चने करा. कॅलरी अपुऱ्या पडल्या तर प्राणी स्वतःचे स्नायू मोडून खातो आणि कमी प्रथिनाच्या गटातही युरिया चढतो. नव्या आहारावर निदान आठवडाभर ठेवा. युरिया चक्राची, म्हणजे अमोनियापासून युरिया बनवणाऱ्या साखळीची, विकरं (एन्झाइम्स) प्रथिनाच्या प्रमाणात वाढतात हे जीवरसायनशास्त्रज्ञ शिमके यांनी 1962 मध्ये दाखवलं, पण ती वाढ एका रात्रीत होत नाही.

यकृतातल्या पेशी कोलॅजिनेजने (पेशींना धरून ठेवणारं कोलॅजेन तोडणारं विकर) सुट्या करा. ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) लावून पाहा; 85 टक्क्यांहून कमी जिवंत दिसल्या तर मी त्या दिवशी पुढे जातच नाही.

आता प्रत्येक गटाच्या दोन नळ्या. एकीत नुसत्या पेशी, दुसरीत अमोनियम क्लोराइड (अमोनियासाठी) आणि ऑर्निथिन (चक्र फिरवायला लागणारं अमिनो आम्ल). पहिली सांगते पेशीकडे आधीचा माल किती होता, दुसरी सांगते तिची कुवत किती. आहाराचा खरा ठसा दुसरीत दिसतो. ऑर्निथिन विसरू नका, नाहीतर अमोनिया पडून राहतो. 37 अंशांवर हलवत ठेवा, ऑक्सिजन द्या, दर 20 मिनिटांनी नमुना काढून परक्लोरिक आम्लात टाका, म्हणजे क्रिया तिथेच थांबते.

माझी फजिती झाली ती मोजताना. डायअ‍ॅसिटिल मोनॉक्झाइमचा (युरिया ओळखणारं रसायन) गुलाबी रंग कमी प्रथिनाच्या पेशींतही भरभरून आला. आठवडाभर डोकं खाजवलं. तो रंग युरियाचा नव्हताच, सिट्रुलिनचा (युरिया बनण्याच्या वाटेवरचा मधला पदार्थ) होता! या पेशींत पुढचं विकर तोकडं, म्हणून सिट्रुलिन तुंबतं, आणि हे मोजायचं रसायन दोघांनाही रंग देतं. युरिएज (युरिया मोडून अमोनिया करणारं विकर) लावून अमोनिया मोजावा म्हटलं, तर अमोनिया आपणच ओतलेला. शेवटी तोडगा साधा निघाला: आम्ल उदासीन करून नमुन्याचे दोन भाग करा, एकात युरिएज घाला, मग दोन्हींत रंग आणा. युरिएजनंतर उरतो तो सिट्रुलिनचा, वजाबाकी युरियाची.

आकडा पेशींच्या संख्येवर मांडा. प्रथिनाच्या मिलिग्रॅमवर मांडलात, तर कमी प्रथिन खाल्लेल्या प्राण्याच्या पेशीतलं प्रथिनही घटलेलं असतं. भाजकच लहान होतो आणि फरक काही अंशी गिळून टाकतो.