समीकरण सोडवताना पलीकडे काहीच जात नाही

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य मुलांना इतक्या लवकर पाठ होतं की त्यामागचं कारण समजून घ्यायचं राहूनच जातं. खरं तर पलीकडे काहीच जात नाही. आपण दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करतो आणि तिच्यामुळे एका बाजूचं पद नाहीसं होतं, एवढंच.

समीकरणाच्या दोन्ही बाजूंत समान संख्या मिळवली, दोन्हींतून समान संख्या वजा केली, दोन्हींना समान संख्येने गुणलं किंवा भागलं, तरी समता टिकते. गुणताना-भागताना ती संख्या शून्य नसावी. शून्याने भागता येत नाही; आणि शून्याने गुणलं तर ० = ० उरतं, म्हणजे क्षबद्दलची माहितीच पुसली जाते.

३क्ष + ७ = २२ घ्या. इथे क्षला आधी ३ ने गुणलं आहे, मग ७ मिळवले आहेत. सोडवताना उलट क्रमाने जायचं.

दोन्ही बाजूंतून ७ वजा करा: ३क्ष = १५
दोन्ही बाजूंना ३ ने भागा: क्ष = ५

आधी भागलं तरी चालतं, पण मग ७ लाही ३ ने भागावं लागतं. तिथेच गडबड होते: क्ष + ७ = २२/३ असं लिहिलं जातं. बाजूला भागायचं म्हणजे त्या बाजूच्या प्रत्येक पदाला भागायचं.

पाठ केलेलं वाक्य कुठे फसवतं ते ५क्ष = २० मध्ये दिसतं. ५ ‘पलीकडे नेऊन’ चिन्ह बदललं की २० ÷ (−५), म्हणजे −४ असं उत्तर येतं. इथे ५ हा गुणक आहे, म्हणून दोन्ही बाजूंना ५ नेच भागायचं, उत्तर ४. याउलट −३क्ष = १२ मध्ये भाजक −३ आहे, ३ नव्हे. म्हणून क्ष = −४.

क्ष दोन्हीकडे असेल, तर लहान सहगुणकाचं पद आधी वजा करा, म्हणजे ऋण चिन्हाचा त्रास होत नाही.

५क्ष − ४ = २क्ष + १४
२क्ष वजा करा: ३क्ष − ४ = १४
४ मिळवा: ३क्ष = १८
३ ने भागा: क्ष = ६

सर्वांत जास्त गुण जातात ते छेद असलेल्या गणितांत.

क्ष/२ − (क्ष − १)/३ = २

२ आणि ३ चा लसावि ६. दोन्ही बाजूंना ६ ने गुणा:

३क्ष − २(क्ष − १) = १२
३क्ष − २क्ष + २ = १२
क्ष = १०

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, उजवीकडच्या २ ला ६ ने गुणायचं राहतं. त्याला छेद दिसत नाही, म्हणून तो तसाच उतरवला जातो आणि क्ष = ० येतं. दुसरी, कंस सोडवताना −२ गुणिले −१ चे −२ लिहिले जातात आणि क्ष = १४ येतं. म्हणून अंशात दोन पदं असतील, तर छेद घालवण्याआधीच त्यांना कंस घाला.

पडताळा नेहमी मूळ समीकरणात करा, मधल्या ओळीत नको. चूक त्या ओळीच्या आधी झाली असेल, तर ती ओळ चुकीचं उत्तरही बरोबर ठरवेल. क्ष = १० ठेवल्यावर ५ − ३ = २. जुळलं. क्ष = १४ ठेवलं तर डावी बाजू ८/३ येते, २ नाही.

४क्ष = ७क्ष दिसलं की दोन्ही बाजूंना क्षने भागायचा मोह होतो आणि ४ = ७ हाती येतं. क्ष शून्य असू शकतो, म्हणून तसं भागायचं नाही. ४क्ष वजा करा: ० = ३क्ष, म्हणून क्ष = ०.

कधी क्ष दोन्हीकडून नाहीसा होतो. २(क्ष + ३) = २क्ष + ६ मध्ये शेवटी ६ = ६ उरतं; क्षची कोणतीही किंमत चालते. उजवीकडे २क्ष + ५ असतं, तर ६ = ५ उरलं असतं आणि त्या समीकरणाला उकलच नाही. अशा वेळी क्ष = ० लिहून मोकळं होऊ नका.