1928 च्या गिरणगावातली प्रेमकथा: वर्गभेदावरची लघुकादंबरी कशी लिहावी

ऐतिहासिक प्रेमकथा लिहू पाहणारे बहुतेक जण आधी नायक-नायिका ठरवतात आणि मग त्यांच्या अंगावर जुन्या काळाचे कपडे चढवतात. हा क्रम उलटा करावा. आधी वर्ष निवडावे, कारण दोन वर्गांमधले अंतर दर काळात वेगळ्या गोष्टींनी बनलेले असते. येथे उदाहरणासाठी 1928 सालची मुंबई घेतली आहे. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते.

वर्ष ठरल्यावर ऋतू पाहावा. संप लांबला, वाण्याची उधारी बंद झाली, तसे अनेक कामगार कोकणात गावी परतले. आणि पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत. म्हणजे मे महिन्यात गावी गेलेल्या नायिकेला, घाटावरून वळसा घालून येण्याइतके पैसे नसतील, तर नारळी पौर्णिमेपर्यंत परतता येणार नाही. विरहासाठी खलनायक शोधण्याची गरज राहत नाही.

मग दोघांना कामाला लावावे. नायक गिरणीमालकाचा मुलगा करण्याचा मोह टाळावा, कारण त्याची आणि कामगार स्त्रीची गाठ घालण्यासाठी योगायोगावर योगायोग रचावे लागतात. तो गिरगावात राहणारा, पगारपत्रक लिहिणारा कारकून असावा आणि ती वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यात तुटलेला धागा सांधणारी असावी. दरमहा तो तिचे नाव लिहितो आणि ती त्यापुढे अंगठा उमटवून बोटाची शाई केसांना पुसते. ती शाई पुसण्याची सवय त्याच्या नजरेत भरली, की प्रेमाची सुरुवात झाली. त्याहून मोठा प्रसंग लागत नाही.

संवाद लिहिताना मराठीने दिलेले सर्वांत नेमके मोजमाप वापरावे. खिडकीआडचा कारकून तिला सहज ‘तू’ म्हणेल आणि ती त्याला ‘तुम्ही’ म्हणेल. तो पहिल्यांदा तिला ‘तुम्ही’ म्हणतो, तेव्हा रांगेतल्या बाकीच्या बायका चमकून पाहतील. ती त्याला ‘तू’ कधी म्हणेल, किंवा म्हणेलच का, हे लेखकाने कथेच्या मध्याआधी स्वतःशी ठरवून ठेवावे.

पत्राचा प्रसंग या कथेचा गाभा आहे, म्हणून त्याला भरपूर जागा द्यावी. तिला वाचता येत नाही; गावात पत्र मास्तर वाचून दाखवणार आणि ते ऐकायला अर्धी वाडी जमणार. त्यामुळे त्याला मनातले एकही वाक्य उघड लिहिता येणार नाही. ‘हजेरीपटावर आपले नाव अजून आहे’ एवढेच तो लिहील, आणि सगळ्यांच्या देखत तिला त्याचा अर्थ एकटीने लावावा लागेल. हे पत्र निदान पाच-सहा वेळा पुन्हा लिहावे.

यानंतर लग्नाची किंमत मांडावी. दोघांची जात वेगळी असेल, तर विशेष विवाह कायद्यातल्या 1923 च्या दुरुस्तीनंतर हिंदूंना धर्म न नाकारता नोंदणी पद्धतीने लग्न करता येत होते. पण तसे लग्न करणारा एकत्र कुटुंबापासून कायद्याने विभक्त होई, आणि तो एकुलता एक मुलगा असेल तर वडिलांना दत्तक घेण्याचा अधिकार मिळे. बापाने आरडाओरडा करण्यापेक्षा शांतपणे दत्तकाचा मुहूर्त काढणे वाचकाला अधिक हादरवील.

काळाची तपासणी शेवटी करावी. दोघे बोलपटाला जाऊ शकत नाहीत, कारण आपला पहिला बोलपट 1931 मध्ये आला. हिशेब मात्र रुपये, आणे, पै यांतच असावा.

शेवटचा प्रसंग नोंदणी कचेरीत घ्यावा. तो सही करतो, शाईची डबी तिच्याकडे सरकवली जाते, आणि या वेळी ती अंगठा केसांना पुसत नाही.