एसएसडी घेण्यापूर्वी स्लॉट कसा ओळखावा

सोलापुरातील चादरी-टॉवेलांच्या कारखान्यांत आणि पेढ्यांवर हिशेबासाठी वापरले जाणारे जुने संगणक एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरली जाणारी, चिपांवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवल्यावर आणखी काही वर्षे चांगले काम देऊ शकतात. मात्र एसएसडी स्लॉटमध्ये बसली म्हणजे ती चालेलच, असे गृहीत धरू नये. नवी पेठेत खरेदीला निघण्यापूर्वी मदरबोर्डचे (संगणकातील मुख्य सर्किट बोर्डाचे) किंवा लॅपटॉपचे मॉडेल लिहून घ्यावे आणि माहितीपुस्तिकेत त्या स्लॉटसमोर साटा, पीसीआयई (डिस्क संगणकाशी जोडण्याच्या दोन पद्धती) की दोन्ही असे लिहिले आहे, ते पाहावे.

अडीच इंची साटा एसएसडीत अडचण क्वचितच येते. लॅपटॉपमधील साटा हार्ड डिस्कच्या जागी ती बसते.

खरा घोळ एम.२ मध्ये होतो. एम.२ हे केवळ आकाराचे आणि जोडणीचे नाव असून त्या एकाच आकारात साटाची एसएसडीही मिळते आणि पीसीआयईवर चालणारी एनव्हीएमईही. साटाच्या एसएसडीला बहुधा बी आणि एम अशा दोन खाचा असतात, तर एनव्हीएमईला बहुधा एम ही एकच. परंतु काही एनव्हीएमईंनाही दोन खाचा असल्यामुळे निर्णय खाचांवरून न घेता लेबल वाचून घ्यावा. साटाची एम.२ केवळ पीसीआयई असलेल्या स्लॉटमध्ये नीट बसते, पण संगणकाला ती दिसत नाही. लांबीही तपासावी: २२८० म्हणजे रुंदी २२ मिमी आणि लांबी ८० मिमी, आणि काही लॅपटॉपांत २२४२ पुरतीच जागा असते.

साधा ॲडॉप्टर फक्त तारा जोडतो, एका पद्धतीचे दुसरीत रूपांतर करत नाही. म्हणून पीसीआयई स्लॉटमध्ये बसणाऱ्या साध्या कार्डावर एनव्हीएमई चालते, साटाची एम.२ चालत नाही. उलट एम.२ एसएसडीला अडीच इंची आकार देणाऱ्या साटा खोक्यात साटाचीच एम.२ लागते. एसएसडी बाहेरून जोडण्याच्या यूएसबी खोक्यात रूपांतर करणारी चिप असते, तरीही ते दोन्ही प्रकार घेते का, हे विचारूनच घ्यावे.

साधारण २०१४ पूर्वीच्या बहुतेक मदरबोर्डांचे बायोस (संगणक चालू करताच सर्वांत आधी चालणारी प्रणाली) एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करू शकत नाही. कार्डावर बसवलेली एसएसडी तेथे केवळ साठवणुकीला उपयोगी पडते. अशा संगणकाला माझ्या मते साटाच घ्यावी. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तर चार लेनच्या (माहिती वाहणाऱ्या मार्गिकांच्या) पीसीआयई ३.० एनव्हीएमईचा सुमारे ३,५०० एमबीपर्यंत असतो. पण हिशेबाच्या रोजच्या कामात हा फरक फारसा जाणवत नाही.

काही मदरबोर्डांवर एम.२ वापरताच एखादे साटा पोर्ट बंद होते, त्यामुळे जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाल्यास ती बिघडली असे समजण्याआधी तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी.