बांधावरचा अडवलेला रस्ता मोकळा करताना

शेजाऱ्याने चर खणून वहिवाटीचा रस्ता बंद केला, तर आधी कलम नीट निवडा. जुना रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चे कलम 5. रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 चे कलम 143. माझे प्रकरण पहिल्या प्रकारचे होते. त्यात अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांत तहसीलदारांकडे दावा लावावा लागतो, म्हणून अडवल्याची तारीख अर्जात स्पष्ट लिहिली. गावच्या बैठकांत ही मुदत निघून जाते, हे फार वाईट होते.

सोबत दोन्ही गटांचे ताजे सातबारे, गटनकाशा, लगतच्या खातेदारांची नावे-पत्ते, चराचे फोटो जोडले. खरे वजन स्थळपाहणीच्या पंचनाम्याला. चाकोरी, रस्त्याची रुंदी आणि लगतच्या शेतकऱ्यांचे जबाब त्यात उतरलेच पाहिजेत. सही करण्यापूर्वी वाचा. आदेशातही गट क्रमांक, दिशा, रुंदी मागून घ्या, नाहीतर अंमलबजावणीला पुन्हा वाद.

कलम 143 खाली मात्र रस्ता बांधावरूनच मागा. शेताच्या मधून मागितलेला टिकत नाही. त्या निकालाविरुद्ध वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.