ड्रोन नवा, चुका त्याच त्या

‘काही झालं तर रिटर्न टू होम दाबायचं, येतो आपोआप.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ड्रोनला घरबिर काही कळत नाही. जीपीएसचे पुरेसे उपग्रह सापडले की तो जिथे असेल तीच जागा तो होम पॉइंट, म्हणजे परतायची जागा, म्हणून नोंदवतो. घाईने आधीच उडवलात, तर बऱ्याच मॉडेलांत ही नोंद हवेतच होते.

एका तळ्याकाठी माझ्यासोबतच्या मुलाने नेमकं हेच केलं. ‘थांब, उपग्रह येऊ दे’ म्हणेपर्यंत पठ्ठ्याने ड्रोन पाण्यावर नेलासुद्धा. होम पॉइंट नोंदवल्याची सूचना ॲपने दिली तेव्हा हा चित्रीकरणात दंग. पुढे बॅटरी कमी झाली आणि याने घाबरून बटण दाबलं. ड्रोन वळला, तळ्याच्या मधोमध जाऊन थांबला आणि खाली येऊ लागला.

‘दादा, हा तिकडे का उतरतोय?’

‘रद्द कर! बटण परत दाब, थ्रॉटलची दांडी वर!’

त्याचे अंगठे हललेच नाहीत. ड्रोनने मात्र सांगितलेलं काम चोख केलं, पाण्यात उतरला.

नकाशावर होम पॉइंट पायाशी दिसल्याशिवाय मी मोटर सुरू करत नाही. परतीची उंची आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा किंवा इमारतीपेक्षा 15-20 मीटर जास्त ठेवतो. नवशिक्याला तर सगळं ठीक असतानाच पन्नासेक मीटरवरून बटण दाबायला आणि मध्येच रद्द करायला लावतो. कंटाळतात, पण करायला लावतो.

दुसरी चूक वाऱ्याची. खाली पान हलत नाही म्हणून वरही शांत असेल, असं नाही. समजा, ड्रोनचा कमाल वेग सेकंदाला 10 मीटर आणि वारा 6 मीटरचा. वाऱ्यासोबत तो 16 च्या वेगाने जाईल आणि वाऱ्याविरुद्ध 4 च्या वेगाने परतेल. म्हणजे एका मिनिटात गेलेलं अंतर परत यायला चार मिनिटं! म्हणून मी आधी वाऱ्याच्या तोंडावर जातो आणि बॅटरी निम्मी झाली की मागे वळतो. ‘अजून 30 टक्के आहे की’ म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

ड्रोनचं तोंड तुमच्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं. दोनचार बॅटऱ्या फक्त यावरच खर्च करा, व्हिडिओ नंतर.

अडथळे ओळखणारे सेन्सर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, बारीक तारा त्यांना बहुधा दिसत नाहीत.

वरून सरळ खाली झपकन आणू नका. स्वतःच्याच घुसळलेल्या हवेत सापडून तो डगमगतो. तिरका आणा.

चारपैकी दोन प्रोपेलर एका दिशेने फिरतात, दोन उलट. खुणा न बघता बसवले तर उडतानाच पलटी.

आणि ड्रोनची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे कपाटात ठेवू नका. पूर्ण चार्जला सेलमागे 4.2 व्होल्ट असतात, ठेवताना 3.8 च्या आसपास हवेत. फुगलेली बॅटरी ‘एकदाच उडवून बघतो’ म्हणत लावणाऱ्यांपासून मी लांब उभा राहतो.