ब्रश नंतर, आधी टेप

जॅझचा ताल चित्रात आणायचा असेल, तर जॅझ लावून थेट कॅनव्हासवर रंग फेकू नका. बहुतेकदा चिखलच होतो. डच चित्रकार पीट मोंद्रियान १९४० साली न्यूयॉर्कला पोहोचला, बुगी-वुगी या जॅझशी नातं असलेल्या पियानो-शैलीच्या तालावर भाळला आणि रंगीत कागदी टेप चिकटवून, सरकवून चित्राची मांडणी ठरवू लागला. तेच करा. भुसावळ जंक्शनच्या पादचारी पुलावर दहा मिनिटं उभं राहा. रूळ म्हणजे पियानोवरच्या डाव्या हाताचा ठरलेला ठेका. सिग्नल, हमालांचे लाल सदरे, केळ्यांचा पिवळा हे मध्येच, भलत्या जागी पडणारे सूर. घरी कागदावर टेपच्या पट्ट्या लावा, रंगीत तुकडे मुद्दाम ठेक्याच्या जरा अलीकडे-पलीकडे सरकवा. मांडणी पटली की मगच ॲक्रिलिक रंग उघडा. आपल्याकडच्या मे महिन्यात ते पॅलेटवरच वाळतात, पाण्याचा फवारा जवळ हवा.